दुसरा हात

दवाखान्यात माझ्या शेजारी एक रंगारी आणि त्यांची मुलगी नंबरची वाट बघत बसले होते.

"बाबा, दोन्ही गोळ्या रोज घ्यायच्या होत्या ना?"

"घेतोय की. आज पांढरी, उद्या पिवळी."

"एक दिवसाआड? कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? रंगाचा पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा मारतं का कुणी?"

"छाती म्हणजे भिंत आहे का? म्हणूनच खोकला, ताप काही हटत नाहीये. डॉक्टरांना सगळं खरंखरं सांगायचं."

"ओरडतील गं."

"ओरडू देत. बरे तर व्हाल."

"आणि मधेच बरं वाटलं तर? तरी घेतच राहायचं?"

"लांबून चांगली दिसली म्हणून भिंत अर्धी सोडलीत कधी?"

"एकही नाही. उभ्या आयुष्यात."

"मग?"

"मग काय, ऊठ. नंबर आला आपला. आणि डॉक्टरांना मीच सांगतो, तू मधे बोलू नकोस."