दोनशे छप्पन्न छापलेले कार्ड

नाव व पत्ता ओळखपत्रावरून नोंदवला. वय ३८ वर्षे. व्यवसाय: चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणे.

मी आपण होऊन ठाण्यात आले असून समक्ष सांगते की, वरील पत्त्यावर मी, माझा थोरला भाऊ (पुढे दादा असे म्हटले आहे) व वहिनी राहतो. दादा बसच्या आगारात गिअरबॉक्स दुरुस्त करतो. तो कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्याच्यावर यापूर्वी तक्रार नाही. आधी घरात आम्ही चौघे होतो. चौथी दादाची मुलगी, माझी भाची. तिला सगळे खारू म्हणत.

खारूला रुग्णालयात ठेवले तेव्हा दादाने फोनमध्ये घालायला मेमरी कार्ड घेतले. दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. दुकानदाराला सगळे कार्डवाला म्हणतात. मी सोबत होते. कार्ड नखाएवढे होते. त्यावर २५६ जीबी हा आकडा व वेगाची खूण म्हणून गोलात १० छापलेले होते. दादाने विचारले, "यात मावेल ना सगळं? पोरीचे व्हिडिओ आहेत, बरेच दिवस काढायचे आहेत." कार्डवाला म्हणाला, "साहेब, पोरीचं लग्न होईपर्यंत पुरेल."

खारूला टीव्हीवरच्या बातमीदार बाईसारखे बोलायची हौस होती. पलंगावर बसून ती सर्वांच्या मुलाखती घ्यायची व मी फोन धरायचे. नर्सला तिने विचारले, "तुम्हाला कुणी सुई टोचली तर तुम्ही रडता का?" नर्स म्हणाली, "मी तर भोकाड पसरते." हे चित्रीकरण शाबूत आहे. त्यानंतरचेही मी रोज करत होते. फोनवर प्रत्येक वेळी सेव्ह झाल्याचे येत होते. उघडून बघायला त्या दिवसांत कोणाला सवड नव्हती.

खारू गेली. त्याबद्दल मला वेगळे सांगायचे नाही.

काही दिवसांनी वहिनीने, आवाज ऐकायचा आहे, म्हणून फोन मागितला. सुरुवातीचे व्हिडिओ चालले. पुढचे उघडेनात. नाव दिसे, तारीख दिसे, बाहेर छोटे चित्रही दिसे, आत काळे. वहिनी एकेका नावावर बोट दाबत राहिली. शेवटी मी फोन काढून घेतला.

माझ्या कामाच्या शेजारी मोबाईल दुरुस्त करणारा मुलगा बसतो. खरोखर किती मावते हे कळायला त्याने कार्ड संगणकाला लावून काठोकाठ भरून पाहायचा विचार केला होता, पण आतले जाईल म्हणून आधी सगळे उतरवून घेतले. मग तपासले. तो म्हणाला, "आत्या, हे दोनशे छप्पन्नचं नाहीच. सोळाचं आहे. सोळा भरले की पुढचं घेतल्यासारखं करतं, ठेवत काही नाही." मी विचारले, "मग छोटी छोटी चित्रं दिसतात ती?" तो म्हणाला, "ती फोनने स्वतःकडे ठेवलेली. कार्डात काही नाही." परत मिळेल का, असे मी दोनदा विचारले. तो दोन्ही वेळा नाही म्हणाला.

दादा त्यानंतर एकदा एकटा दुकानात जाऊन आला. काय झाले विचारता म्हणाला, "तो म्हणतो, फोन चालू असताना कार्ड काढलं असेल." एवढेच बोलून तो जेवायला बसला व न जेवता उठला.

घटनेच्या दिवशी, सोमवारी भर दुपारी, मी व दादा पुन्हा गेलो. दादाजवळ हत्यार नव्हते. मारायचे असे आमच्यात काही ठरले नव्हते. दुकानात दुसरे गिऱ्हाईक नव्हते. दादाने कार्ड काउंटरवर ठेवून विचारले, "खरं सांगा, हे कितीचं आहे?" आवाज चढलेला नव्हता. कार्डवाल्याने खालच्या, सुट्या कार्डांनी भरलेल्या बरणीतून तशाच छापाचे दुसरे कार्ड काढून पुढे सरकवले. म्हणाला, "एवढ्याशा कार्डासाठी कशाला डोकं खाता? हे घ्या, फुकट. व्हिडिओच होते ना? पुन्हा काढा."

खारू गेल्याचे त्याला माहीत नव्हते. आम्ही दोघांनीही सांगितले नव्हते.

दादा जागेवरून हलला नाही. मी मागे वळले व आतून शटर ओढले. दादाने आपल्या जबाबात, शटर त्याने स्वतः ओढले, बहीण बाहेर होती, असे सांगितल्याचे मला समजले. ते खरे नाही. शटर मी ओढले. खाली येताना ते अडकले तेव्हा पायाने दाबले.

दादाने कार्डवाल्याची मान धरून तोंड काउंटरच्या काचेवर आपटले. काच फुटली. पुन्हा आपटले. मग त्याला फरपटत अलीकडे आणून खाली पाडले व छातीवर गुडघा ठेवला. बरणी दादानेच ओढून घेतली. तो म्हणाला, "तोंड उघड. किती मावतात बघू दे." कार्डवाल्याने दात घट्ट मिटले. दादाने लोखंडी स्टुलाच्या पायाने जबडा उघडला. दात तुटल्याचा आवाज मी ऐकला. दादा मूठ भरभरून कार्डे कोंबत होता व दर मुठीला म्हणत होता, "अजून जागा आहे. छापलंय तेवढं मावलं पाहिजे." कार्डवाल्याचे पाय जमिनीवर आपटत होते.

तुम्ही सोडवायचा प्रयत्न केला का, असे मला विचारण्यात आले. नाही. मी शटरला पाठ लावून उभी होते. मला भीती वाटत नव्हती.

मग पायांचा आवाज थांबला. त्याचा चेहरा निळा पडलेला दिसला. तो रंग मला ओळखीचा आहे. मी म्हणाले, "दादा, त्याचा श्वास अडकलाय." दादाला ऐकू गेले नाही. मी दादाचे केस धरून त्याला मागे ओढले व कार्डवाल्याच्या घशात बोटे घातली. कार्डे रक्ताने एकमेकांना चिकटली होती. शेवटचे निघताना त्याचे दात माझ्या बोटात रुतले. टाके पडले आहेत. ते त्याने मुद्दाम केलेले नाही. दादाने मग त्याला कुशीवर वळवून डोके आपल्या मांडीवर धरले. शटर वर करून रुग्णवाहिकेला व पोलिसांना फोन मी केला.

कार्डवाल्याचा जबडा तारांनी बांधला आहे. मी घसरून काचेवर पडलो, माझी तक्रार नाही, असे त्याने लिहून दिल्याचे मला सांगण्यात आले. दुकानातल्या कॅमेऱ्याचे कार्ड पोलिसांनी काढले, तेही उघडत नाही, असेही कळले. ठाण्यातले साहेब मला म्हणाले, "बाई, गुन्ह्यात तुमचं नाव कुणीच घेतलेलं नाही. घरी वहिनी एकट्या आहेत. जा तुम्ही." तरी मी जबाब देत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही.

लिहिलेले हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवले. वरच्या कोऱ्या जागेत त्यांनी रुग्णालयाच्या कागदावरून मयत मुलीचे वय सहा लिहिले होते. ते मी खोडायला लावून सात करून घेतले. दाखल केले तेव्हा ती सहाची होती. सातवा वाढदिवस वॉर्डात झाला. नर्सने बँडेजच्या पट्टीची टोपी केली होती. ती कानावर घसरत होती आणि खारू सगळ्यांना विचारत होती, "सात वर्षांचं झाल्यावर कसं वाटतं, आपण काय सांगाल?" फोन मी धरला होता. त्याचे चित्रीकरण नाही, पण वाढदिवस झाला. बाकी मजकूर मी बोलले तसाच उतरला आहे. खोडलेल्या जागी व खाली माझी सही आहे.