देठाकडचा तुकडा

मंडळी, ऐका! एक सांगा — ज्या अन्नाला हात जोडायचे, त्याला भ्यावं का? नाही म्हणताय? मग ऐका!

गावाबाहेर गोजराबाईंचा भाजीमळा. शहरातली घरं हंगामाआधीच त्यात वाटा घ्यायची — मळ्यात जे पिकेल, त्याची टोपली दर शनिवारी दारात! रीत एकच. नव्या वाटेकऱ्यानं एक दिवस मळ्यात जेवायला यायचं. गोजराबाई तेव्हा ज्याच्या त्याच्या जिभेवर दुधीचा देठाकडचा तुकडा ठेवायच्या. कडू लागला, की अख्खा दुधी फेकायचा. कडू दुधी म्हणजे विष!

सुनीतीवहिनींनी वाटा घेतला, पण जेवायला? वेळ कुणाला हो! टोपली तेवढी पाठवा म्हणाल्या. तुम्ही-आम्ही तरी काय म्हटलं असतं?

एका शनिवारी टोपल्या रवाना झाल्या. मग गोजराबाईंनी त्याच वेलावरचा घरचा दुधी कापला, चाखला — आणि थू! कडूजहर! बाकीची घरं चाखतीलच, पण ते एक घर? फोन लावला. वाजतोय, वाजतोय, कोणी उचलेना! कसं उचलणार? वहिनींच्या ओट्यावर मिक्सर गरगरत होता, मंडळी. दुधीचा रस!

बाई टेम्पोत बसल्या. सगळी वाट पदर तोंडात धरून देवाचा धावा!

इकडे यजमान विश्वंभरपंतांनी घोट घेतला. कडू आहे म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "कडू तेच औषधी. प्या गुमान." नवराच तो, प्यायला! हसा, हसा. पुढं हसू येणार नाही.

गोजराबाई दारात पोचल्या, तेव्हा पंत मोरीपाशी आडवे. उलटीत रक्त! वहिनी नुसत्या हाका मारतायत. बाईंनीच पंतांना टेम्पोत घातलं, उरलेला रस डॉक्टरांपुढे ठेवला, काय पोटात गेलंय ते सांगितलं. इलाज लगेच सुरू झाला, पण दिवसभर डॉक्टर भरवसा देईनात.

बाकावर वहिनी रडत म्हणाल्या, "आधी का नाही सांगितलंत?"

गोजराबाई हळूच म्हणाल्या, "सांगायलाच तर जेवायला बोलावलं होतं, बाई."

पंत वाचले. पुढच्या शनिवारी वहिनी मळ्यात होत्या. देठाकडचा तुकडा त्यांनी स्वतःच कापून जिभेवर ठेवला.

तर मंडळी, टोपलीतला वाटा सगळ्यांना हवा. पिकवणाऱ्याच्या पंगतीला बसायला मात्र वेळ नाही! आज प्रसादाला दुधीचा हलवा आहे, त्याच मळ्यातला. का, हात मागे का गेले? उठा, आत जा. देठ कोणी चाखला, ते विचारून या. मी थांबतो.