कपाटातली चांदीची पेन्सिल

कल्याण स्टेशनवर आगगाडीची वाट बघताना मिठागरातल्या गोपीनाथच्या कानावर दोघा कारकुनांचं बोलणं पडलं.

“त्र्यंबकराव, कॉलेजातल्या यंत्रांची पूजा केलीत?”

“खंडेनवमी होती ना! दुर्बिणीला, तराजूला तेलाचं बोट लावून कुंकू वाहिलं. साहेबांच्या कपाटातल्या चांदीच्या पेन्सिलीलाही.”

“पिरगाळली की शिसं बाहेर येतं, ती? ती तर अडकलेली!”

“वर्षभर. काल साहेबांनी पिरगाळली, तर आधी कुंकू बाहेर आलं.”

“अरे देवा! नोकरी गेली म्हणायची!”

“आणि मागोमाग शिसं!”

गाडी आली. त्र्यंबकरावांनी वळकटी उचलली, तसा गोपीनाथ आडवा आला.

“रावसाहेब, साएब काय बोलला त्ये सांगा, मंग चढा!”

“म्हणाले, ‘पुढच्या वर्षी माझं घड्याळही पूजेला ठेव. फार मागं पडतं.’”