सिमेंटाखालचा वॉल

नाव लिहाचं तं इमलाबाई लिहा, आडनाव नका लिहू अन गावाचंई नका लिहू, उमरखेडच्या अलीकडलं एक नगरपरिषदेचं गाव म्हना, समजनाऱ्याले तेवढ्यात समजते. मी या गावाची वॉलवाली बाई. कोनत्या गल्लीले कवा पानी सोडाचं अन कवा बंद कराचं, हे काम माझं, सोळा वर्सं होऊन राह्यले आता.

जलम माझा ढाणकीकडच्या तांड्यावरचा. बाप सोयाबीन पेरे, तूर पेरे, घरची जमीन होती, खाऊनपिऊन बरं होतं. घरात आमची बंजाऱ्यायची गोरबोली, शाळेत मराठी, अन याडी, म्हंजे माय, म्हने का पोरीले गावात देऊ, निदान डोक्यावरचा हंडा तं सुटन. हंडा सुटला बाप्पा, पानी नाई सुटलं. नवरा भेटला थोच नगरपरिषदेतला वॉलमन. श्रावण नाव त्याचं. तुमाले वॉल म्हाईत नसन तं सांगतो, रस्त्यात जमिनीखाली एक चौकोनी खड्डा बांधला रायते, त्याले आमी चेंबर म्हंतो, वरून झाकन, आत लोखंडाचा वॉल, त्याले लांब दांड्याची चावी लावाची अन फिरवाची. एवढंच काम. पन गावात असे एकशे दहा वॉल, कोनता कुठं हाय, कोनता किती आट्यानं बंद होते, कोनता उलटा फिरते, हे सारं श्रावणच्या डोक्यात. कागदावर काईच नाई. नकाशा होता म्हंते पह्यले, थो वाळवीनं खाल्ला.

लग्नानंतर सात-आठ वर्सांनं त्याची कंबर गेली. वाकता येये नाई. मंग मी त्याच्यासंग जाऊ लागली, थो बाजूले उभा राहून सांगे, मी फिरवू. लोक हासत. हा चौदा आट्याचा हाय, मोज, थो म्हने, मी मोजू. असं मोजतामोजता मले सारं गाव खालून पाठ झालं, वरून तं सगळेच पाह्यतात.

थो गेला हार्टानं, एका सकाळी, चहा पेता पेता. त्याच्या जाग्यावर मले घेतलं, पन तवाचे सायब म्हने का बाईमानसाचं हे काम नाई, तुमी ऑफिसात टेबलं पुसा. टेबलं पुसली मी चार महिने. तिकडं नव्या मानसानं बाजाराचा वॉल समजून दवाखान्याचा बंद केला, दवाखाना दोन दिवस कोरडा. मंग मले बोलावलं, बाई चावी घ्या. चावी घेतली.

आता मुद्द्याचं सांगतो, नाईतं मी अशीच भटकत राह्यतो. आमच्या ऑफिसात बांधकाम एका खोलीत, पानीपुरवठा दुसऱ्या खोलीत, मंधात एक भिंत. बांधकामानं रस्ता कराचा, पानीपुरवठ्यानं थो फोडाचा, मंग बांधकामानं म्हनाचं का रस्ता कोनं फोडला. दरसाल हेच. दोन वर्सांपह्यले तेलघाणीच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता मंजूर झाला. त्या गल्लीच्या तोंडाशी वॉल हाय, चेंबर जुनं, रस्त्याच्या बराबरीचं. रस्ता झाला म्हंजे एक हात वर येनार, चेंबर खाली गडप होनार. मी आमच्या पानीपुरवठ्याच्या सायबाले सांगतलं, सायब, पह्यले चेंबर वर घ्या. सायब म्हने बांधकामाले पत्र द्या. मी म्हनलं बांधकामाचे सायब कोन, तं म्हने मीच. काय सांगू तुमाले, एक जागा रिकामी होती मनून एकाच सायबाकडं दोन्ही खात्यांचा चार्ज होता. त्या मानसानं पानीपुरवठ्याच्या खुर्चीतून सही केली अन सोताले पत्र लिहलं, पत्र आवकजावकले गेलं, भिंतीपलीकडं आलं, अन आठ दिवसांनं त्यायनंच उत्तर देल्लं का अंदाजपत्रकात चेंबर धरलं नाई, सबब करता येत नाई. मी म्हनलं सायब, तुमीच तुमाले नाई म्हनून राह्यले. थे हासले नाईत. बाई, पद्धत असते, म्हने. पत्राची पोच तेवढी मी मांगून घेतली, शिक्क्यासकट.

सिमेंटाचं मिक्सर आलं त्या दिवशी मी जाऊन चेंबरमंधी उभी राह्यली. खरंच उभी राह्यली, कमरेपर्यंत खाली, वर नुसतं धड. ठेकेदाराचा मानूस आला, मावशी बाहेर निघा, माल सुकून राह्यला. मी म्हनलं झाकन वर घ्या मंग निघतो. त्यानं सायबाले फोन लावला अन फोन माझ्या कानाले देल्ला. सायब म्हने बाई, परवा उद्घाटन हाय, तुमची नोकरी अनुकंपाची हाय, समजून घ्या, बाजूले व्हा. अन मी बाजूले झाली. लिहा हे. बाकी कोनाचं काई लिहा नका लिहू, मी बाजूले झाली हे लिहा. वॉल उघडा होता तसाच सिमेंटाखाली गेला.

उन्हाळ्यात गल्लीतून बोंब उठली. माझी जुनी मैत्रीन शकीलाभाभी तिथं रायते, दार उघडूनच म्हने, इमला, तुम्हारे नल का पानी बदबू मार रहा. वास घेतला, नालीचा वास. रस्ता खोदताना मशीनचा धक्का लागून नालीखालच्या पाइपाचा जोड सुटला होता. आमच्याइथं चौथ्या दिवशी पानी येते, मधले तीन दिवस पाइपात जोर नाई, दुसऱ्या गल्ल्यायचं पानी नुसतं पाझरत राह्यते, तवा नालीचं घान आत जाये अन चौथ्या दिवशी नळातून घरात. उपाय सोपा, गल्लीचा वॉल बंद करून पाझर थांबवाचा अन जोड बसवाचा. पन वॉल कुठं, सिमेंटाखाली. नाईतं टाकीच बंद करा, तं अर्धं गाव कोरडं. सायब म्हने अर्धं गाव नाई बंद करता येत, अन रस्ताई नाई फोडता येत, नवा हाय, ठेकेदाराची जबाबदारी हाय, त्याले पत्र देतो. देल्लं पत्र. मी घरोघर फिरली, पानी पेऊ नका, पेऊ नका. लोक म्हने मंग काय पेऊ, ते सांग. दोन महिने कागद फिरला, दोन महिने लोक थेच पानी पेले, कोनी उकळून, कोनी नुसतं गाळून, कोनी तसंच.

शकीलाभाभीची पोरगी नसरीन बाळंतपनाले माहेरी आली होती, आठवा महिना लागलेला. तिले कावीळ झाली. गल्लीत आनखी सात-आठ जनाले झाली, पन पोटुशीले कावीळ म्हंजे जिवावरचं काम. इथल्या डॉक्टरनं हात लावला नाई, यवतमाळले न्या म्हने. गाडीत टाकताना पोरगी पिवळी हळद, डोळे मिटेना. शकीलाभाभीनं माझ्याकडं पाह्यलं अन गाडीत बसली.

मी घरी गेली, घन घेतला, छिनी घेतली, श्रावणची चावी घेतली अन गल्लीत आली. तेलघाणीपुढच्या लायटीच्या खांबापासून अकरा पावलं, नालीकडून तीन, थितं चुन्यानं फुली मारली अन घन घातला. पह्यल्या दहा घावात नुसते टवके उडाले. मंग शेजारची एक बाई सब्बल घेऊन आली, मंग दुसरी आली. गल्लीतला फरशीवाला म्हने मावशी, लेखी ऑर्डर हाय का, माझी फरशी कापाची मशीन लावतो. मी म्हनलं नाई. थो घरात गेला अन मशीन घेऊनच आला. ठेकेदाराचा मानूस फोटो काढून राह्यला होता. काढ म्हनलं, माझा चेहरा चांगला येऊ दे.

दुपारपर्यंत झाकन हाती लागलं. चेंबर सिमेंटाच्या गाळानं भरलेलं, हातानं उकरून काढलं. चावी बसली. पह्यला आटा हालेना, फरशीवाल्यानं अन मी दोघायनं जोर लावला तवा हालला. चौदा मोजले. गल्ली बंद झाली. दुसऱ्या दिवशी फिटरनं तीन घंट्यात जोड बसवला. तीन घंट्याचं काम होतं हे.

नसरीन वाचली. अकरा दिवस काई सांगता येये नाई असं होतं, मी रोज शकीलाभाभीले फोन लावू, थे उचले, म्हने अभी वैसाच, अन ठेवून दे. मुलगी झाली, लई लहान, काचेच्या पेटीत ठेवली होती. आता चालते, मले पाहून पळते. भाभी चहा पाजते मले, पन त्या सालाचं आमी दोघी बोलत नाई.

अन मले काय भेटलं, तं नोटीस. शासकीय रस्त्याचं नुकसान केलं, कारन दाखवा. सही कोनाची, त्याच सायबाची, बांधकामाच्या खुर्चीतली. मी उत्तरासंग त्या जुन्या पत्राची पोच जोडली. सायबायनं बोलावून घेतलं, बाई हे पत्र जोडू नका, नुस्ती माफी लिहा, मी मिटवतो. मी म्हनलं सायब, एकडाव तुमचं आयकून बाजूले झाली, आता नाई होत. थो कागद अजूनई पडून हाय, मी दोषी हाय का नाई हे कोनी सांगत नाई. सायबाची बदली झाली, चांगल्या जागी झाली म्हंते.

त्यायच्या नंतर एक मॅडम आल्या, तरन्या, नव्या इंजिनेर. आल्याआल्या म्हने मावशी, नकाशा कुठं हाय. मी म्हनलं चाला. पाच दिवस दोघी गावभर फिरलो, उन्हातानात, मी पायानं दाखवू अन थे मोबाइलवर निशानी करे. एकशे दहाचे एकशे दहा वॉल. मले वाटलं झालं बाप्पा, आता मी मेली तरी गाव तहानेनं नाई मरत. तं नकाशा मंजुरीले गेला अन मॅडमची बदली झाली, गडचिरोलीले. मंजुरी कुठं हाय कोनाले म्हाईत नाई.

आता काय होते, पाहा. पाइप फुटला का नवे सायब गडचिरोलीले फोन लावते, मॅडम तुमच्या मोबाइलमंधी तो वॉल कुठं दिसते. मॅडम मले फोन लावते, मावशी, तिथं नेमकं काय होतं वं. अन मी भिंतीच्या अलीकडं, सायबाच्या खोलीपासून चार पावलावर बसून त्यायले सांगतो, मॅडम सायबाले सांगते, मंग सायब शिपायाले धाडते का इमलाबाईले बोलावून आन.

रिटायर व्हाले दोन वर्सं राह्यले. चिडून काय करू. मॅडम फोन ठेवता ठेवता दरखेपी इचारते, मावशी, जेवली का. जेवली बाई, म्हंतो, जिथं हायस थितं सुखी राह्य. अन शिपाई बोलवाले याच्या पह्यलेच चावी घेऊन उठतो.