सर्जाचा तिसरा चेंडू

ऐका रं पोरांनो! शेकोटीत लाकूड सारा आन् ऐका. मी ह्या गावचा गोलकीपर, बावीस वर्सं. हसतोस काय रं शिर्प्या? इचार तुझ्या आज्जाला!

आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा नेम हुता. खेळ झाला, की दिस मावळायच्या आत गोलचं दोन्ही खांब उपटायचं, वरची दोरी गुंडाळायची आन् तालमीत आनून ठेवायचं. वस्ताद म्हनायचं, "उभा गोल रातीला ऱ्हाऊ द्यायचा न्हाई. सर्जा येतुय." सर्जा म्हंजी आमचा जुना फॉरवर्ड. फायनलला त्याचा शेवटचा चेंडू खांबाला लागला, आन् त्याच सांजंला गडी तळ्यात बुडून मेला.

त्या दिवशी खांब उपटायची पाळी माझी. आन् मी इसरलो! मटन झालं हुतं घरात, दुसरं काय! ताटावर बसल्यावर आठवलं. उद्या फायनल, खांब चोरीला गेलं तर? उठलो, तळ्याच्या वाटंनं खेळाच्या माळाकडं निघालो. एकटा. भ्या? मला? छ्या!

माळावर चांदनं. बघतो तर गोलफुडं एक जन हुबा. पायाशी चेंडू. अंगातनं पानी निथळतंय.

"गोलात हुबा ऱ्हा," म्हनला. "तीन मारनार. एक जरी आत गेला, तर तू माझ्यासंगं तळ्यात."

पळाय गेलो, तर पाय उचलंनात. उचलायचं ते गोलाकडंच! मग म्हनलं, ये की मर्दा!

पहिला छातीवर घेतला. दुसऱ्याला बघतो तर, आरं देवा! डावा खांब सरकाय लागला. बैलगाडी जाईल एवढा गोल! उडी टाकली, बोटाच्या टोकानं काढला. तिसऱ्याला त्यो खांब सरकत सरकत पार तळ्याच्या काठाला गेला. कुठं म्हनून उडी मारू? खरं सांगतो, तवा भ्यालो. आई आठवली.

उजवा खांब मातूर माझ्या हाताशी हुता. सर्जा धावत आला. म्या खांबाला मिठी मारली आन् सारा जोर लावून उपटला! चेंडू कानाजवळनं सनसनत गेला.

"गोल!" सर्जा वरडला.

"कसला गोल रं? खांब कुठाय?"

गडी खांबाच्या खड्ड्याकडं बघाय लागला. पक्का खेळाडू, खोटं बोलंना. डोळं भरलं त्याचं. "पुन्ना खांबानंच घात केला," म्हनला आन् तळ्याकडं चालता झाला.

फायनल आमीच जिंकली. पन पोरांनो, खांब उपटायचं इसरू नगा. आन् इसरलासाच, तर चोरीला जाऊ द्यात, रातीचं तळ्याच्या वाटंनं आनाय जाऊ नगा. सर्जा अजून येतुय, आन् माझ्यासारखा गोलकीपर ह्या गावात दुसरा न्हाई.