तोफ्याला धीर देताना

...आणि वर वाडीतले लोक मलाच विचारतात, "काका, आता कसं काय, बरं आहे ना?" म्हणजे चौकशी कुत्र्याची, असं आपण समजायचं, पण बघतात माझ्याकडे, आणि बघता बघता मागे कुणीतरी मुद्दाम खोकतं. तुम्हाला सांगतो, अठ्ठावीस वर्षं मुंबईच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं, पण एवढं हसू माझं कधी पोरांनीही केलं नव्हतं, म्हणजे मला तरी ऐकू आलं नव्हतं. माझं चुकलंही असेल.

तर हा तोफ्या. नाव आमच्या हिनं ठेवलेलं. एवढंसं पिल्लू होतं, भुंकलं की तोफ उडाल्यासारखं वाटे, म्हणून तोफ्या. पुढे कळलं, ते शौर्यानं नाही, घाबरून भुंकत असे. रत्नागिरीच्या बंदरात आगबोटीनं भोंगा दिला की हा पलंगाखाली. शेजारच्या विहिरीला जांभा फोडायला सुरुंग लावला की पलंगाखाली. कमळीच्या हातून झाकण पडलं तरी पलंगाखाली. कमळी म्हणजे माझी धाकटी बहीण, माझं घर सांभाळते, आणि माझा सांभाळ करताना तिच्या हातून झाकणं जरा जास्तच पडतात. ही जायच्या आधी एवढंच म्हणाली होती, "तोफ्याला सांभाळा, घाबरट आहे बिचारा." म्हणाली तोफ्याबद्दल, पण माझा हात धरून म्हणाली. त्यावर मी अजून विचार करतो आहे.

आणि मागच्या वर्षीच्या शिमग्याला काय झालं? ग्रामदेवतेची पालखी अंगणात आली, ढोलावर पहिली टिपरी पडली, आणि ह्यानं दावं तोडलं. तीन दिवस पत्ता नाही. चौथ्या दिवशी भाट्याच्या खाडीपलीकडे सापडला, चारही पंजे सोललेले, डोळ्यांत ओळख नाही. आता वय झालंय त्याचं, अकरा वर्षांचा आहे. पुन्हा पळाला तर परत येईल का, सांगा? मी हिला काय तोंड दाखवणार? म्हणजे ती नाही, पण तरी.

यंदाचा शिमगा जवळ आला तसा पालखी वाहणारा आमचा गुरव महिपत म्हणाला, "काका, काय नाय, देवाला गाऱ्हाणं घालू. कुतऱ्याच्या नावानं घालू." कमळी म्हणाली, "दादा, खोलीत कोंड आणि कडी लाव." मी म्हटलं, थांबा, हा प्रश्न बुद्धीनं सोडवायचा. धूर तिथे अग्नी, हे आपण शिकतो कसं? चुलीत दहा वेळा बघून. मग आवाज तिथे काहीतरी चांगलं, असं कुत्र्याला दहा वेळा दाखवलं, तर भीती जाईल की नाही? आधी बारीक आवाज, मग मोठा, आणि दर आवाजाला घास. पद्धत निर्दोष आहे. निदान मला तसं वाटलं. माझं चुकलंही असेल.

घास कसला द्यायचा? पोळी दिली, हुंगून सोडली. दूधभात, नाही. नारळाची वडी दिली, ती माझ्याकडे अशी परत सरकवलीन जसा काही मीच पाहुणा आहे. शेवटी कळलं, ह्याला सुका बांगडा लागतो. आमच्या घरात बांगडा! कमळीनं आधी कपाळाला हात लावला, मग पदर नाकाला लावला, आणि बांगड्यांचा डबा गोठ्यात टांगायची परवानगी दिली, तीही गाईला विचारून दिल्यासारखी. मी सुक्या मासळीवाल्या सगुणाबाईकडे गेलो, पंचा डोक्यावरून घेतलेला, मागच्या दारानं. म्हटलं, "कुत्र्यासाठी पाहिजेत." ती हसली नाही, काही नाही, निवडून चांगले चार मोठे बांगडे दिलेन आणि म्हणाली, "हां हां. समदे तसंच सांगत्यात. कुतऱ्याला मिरची लावून तळा, बरं लागतं."

मग प्रयोग सुरू. पहिल्या दिवशी वाटीवर चमचा, टिंग. बांगडा. मग तांब्यावर पळी. बांगडा. मग पाट आपटला, मग घंगाळ, आणि तिसऱ्या आठवड्यात घासलेटचा रिकामा डबा. आता डबा वाजवायचा म्हणजे वाजवणाऱ्यालाच तो सगळ्यात जवळून ऐकावा लागतो, हे मी आधी लक्षात घेतलं नव्हतं. मी डोळे मिटून काठी हाणायचो, हात लटपटायचा, आणि त्या लटपटत्या हातानं बांगडा पुढे करायचो. तोफ्या पहिले काही दिवस थरथरायचा, मग नुसते कान पाडायचा, मग माझ्या हाताकडे बघत बसायचा. अगदी निरखून. कमळी पडवीतून ओरडायची, "दादा, एम. ए. होऊन डबाच बडवायचा होता तर वाडीतच राहायचास, आगबोटीचं भाडं तरी वाचलं असतं." मी लक्ष दिलं नाही. ज्ञानाची वाट एकट्यानं चालावी लागते. आणि मागे बांगड्याचा वास.

पण तुम्हाला सांगतो, गुण आला. एका दुपारी आगबोटीचा भोंगा झाला, लांबलचक, छातीत घुमणारा, मी पलंगाकडे बघतो तर पलंगाखाली कोणी नाही. तोफ्या माझ्यापुढे, शेपूट हलवत, तोंड उघडून. मला भरून आलं. मी कमळीला हाक मारली, तिच्या हातून झाकण पडलं, तोफ्या थेट तिच्या स्वयंपाकघरात, सोवळ्यात, तोंड उघडून. तो दिवस तिथेच थांबवतो. त्या दिवसाबद्दल आमच्याकडे बोलत नाहीत.

आला शिमगा. मी काळा कोट घातला, खिशात बांगड्याचा एक तुकडा, कागदात गुंडाळून. पहिल्या टिपरीला लगेच द्यायचा, वेळ चुकता कामा नये. कमळीनं रांगोळी काढलीन, ओटीचं ताट तयार. लांबून ढोल ऐकू यायला लागला आणि माझ्या मनात शंका आली. डबा वेगळा, ढोल वेगळा. डब्यावरून ढोलाचं अनुमान काढता येतं का? हा प्रश्न मी विद्यार्थ्याला घातला असता तर त्यानं नाही म्हटलं असतं, आणि मी त्याला पूर्ण गुण दिले असते. तोफ्या कुठे आहे? अंगणात दिसेना. पडवीत नाही. म्हटलं, संपलं, गेला पलंगाखाली. मी धावत आत गेलो, वाकलो, नीट दिसेना म्हणून गुडघे टेकले, तरी दिसेना म्हणून थोडा आत सरकलो, आणि नेमक्या त्याच वेळी अंगणात ढोल वाजला. धाड्.

मग काय झालं, मला नक्की सांगता येणार नाही. एवढं कळलं की मी पूर्ण पलंगाखाली आहे, गुडघे पोटाशी, आणि तिथे तोफ्या नाही.

तिथून दारातून माणसांचे नुसते पाय दिसतात. मला ढोलवाल्याचे दोन पाय दिसले, आणि त्यांच्यासमोर, हातभर अंतरावर, तोफ्याचे चार. बसलेला. ढोल वाजला की ढोलवाल्याच्या तोंडाकडे मान वर. परत वाजला, परत मान वर. मग वाजायचंच थांबलं, कारण ढोलवाल्याचे पायच मागे सरकायला लागले. "अवो, ह्यो माज्याकडं काय मागतोय?" महिपतचा आवाज आला, "मागत नाय रे, नमस्कार करतोय. काका कुठायत?" कमळी म्हणाली, "कुत्र्याला धीर द्यायला आत गेलाय."

तोफ्या उठला. ढोलवाल्याची आशा सोडलीन त्यानं. आत आला, मला वासानं हुडकलंन, आणि वाकून माझ्याकडे बघितलं. बाहेर पुन्हा धाड्. मी कापत कापत खिशातून तुकडा काढला, कागद सोडवला आणि लटपटत्या हातानं तो त्याच्यापुढे जमिनीवर ठेवला. तोफ्यानं तो हुंगला. माझा थरथरता हात बघितला. माझं तोंड बघितलं. आणि तुकडा नाकानं हळूच माझ्याकडे सरकवला.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पाच आठवडे मी त्याला काय शिकवलं? आवाज होतो, कुणीतरी थरथरतं, थरथरणाऱ्याला बांगडा मिळतो. आज तो थरथरत नव्हता. मग बांगडा कुणाचा? अनुमानात एक दोष काढून दाखवा मला. आहे का?

तेवढ्यात पलंगाच्या कडेवरून महिपतचं तोंड उलटं खाली आलं. "काका, हयसर काय करतांव?"

"कुत्रं शोधतोय."

"त्यो तुमच्या शेजारीच हाय."

"सापडलं म्हणजे."

आता ह्यावर माणसानं निघून जावं की नाही? पण महिपतला दया आली. त्यानं तिथल्या तिथे, उंबऱ्यावर उभं राहून देवाला गाऱ्हाणं घातलं, आणि ते कुत्र्याच्या नावानं नव्हतं. "बा देवा म्हाराजा, ह्या घरातल्या म्हाताऱ्याच्या अंगात जो कापरा भरलाय, तो तुज्या पायाखाली दाब म्हाराजा." अंगणातून साठ माणसं एका दमात, "व्हय म्हाराजा!" माझं डोकं पलंगाच्या फळीवर. "त्याला ढोलासमोर उभं ऱ्हायाचं बळ दे म्हाराजा." "व्हय म्हाराजा!" पुन्हा फळी. तोफ्या प्रत्येक वेळी तुकडा बोटभर आणखी जवळ सरकवत होता, मायेनं, न कंटाळता, माझ्यापेक्षा चांगला शिक्षक म्हणून.

मी बाहेर आलो. उभा राहिलो. पालखी माझ्यासमोर नाचली, ढोल कानाशी वाजला, तोफ्या पायाशी टेकून बसलेला, आणि मी पळालो नाही. ही असती तर तिनं दोघांच्याही डोक्यावरून हात फिरवला असता.

पालखी गेल्यावर कमळीनं पलंगाखाली झाडलं. बाहेर येऊन मला म्हणाली, "कागद आहे. तुकडा कुठाय?" मी म्हटलं, "तोफ्यानं खाल्ला असेल." ती तोफ्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मग पदर नाकाला लावून आत गेली, आणि तेव्हापासून माझं ताट तिनं पडवीत मांडलंय, गोठ्याच्या बाजूला.

परवा आगबोटीचा भोंगा झाला. लांबलचक, छातीत घुमणारा. तुम्हाला सांगतो, मी दचकलो नाही. अजिबात नाही. फक्त तोंडाला पाणी सुटलं.

माझं चुकलंही असेल.