बिनवजनाचा वाक

जबाब देणारी: चाचणी प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, परिसरात ‘डायलताई’ म्हणून ओळख, वय ५१ वर्षे, नोकरी २६ वर्षे, राहणार प्रयोगशाळेमागील वसाहत, खोली क्र. ९.

मी ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते की, लाकडाच्या व लोखंडाच्या तुळया भाराखाली किती वाकतात हे मोजण्याचे काम मी करते. तुळई दोन टेकूंवर नुसती ठेवायची, मधोमध वजन टांगायचे आणि खाली लावलेल्या डायलगेजचा काटा वाचायचा. वजन काढल्यावर काटा शून्यावर यायला हवा.

गेल्या महिन्याच्या चार तारखेला माझा भाऊ, धंदा सुतारकामाचा ठेका, वाचनालयाच्या माळ्यासाठी आणलेल्या मालातली एक तुळई घेऊन आला. दोन टेकूंमधले अंतर तीन मीटर. दोनशे किलोला वाक साधारण सव्वापाच मिलिमीटर यायला हवा होता. तो ९.१ आला. वजन उतरवल्यावर काटा २.२ वर राहिला. भाऊ म्हणाला, “ताई, तुझा काटाच अडकतोय.” मी काटा पुसून पुन्हा मोजले. ९.४ आला. अहवालात ‘हा माल वापरू नये’ असे लिहून मी सही केली. “बदलतो गं लाकूड,” असे म्हणून तो अहवाल घेऊन गेला.

आज सकाळी ९.४० वाजता मी पुस्तक बदलायला वाचनालयात गेले. माळ्याला तीच लाकडे होती, टोकांना त्या तुळईसारखाच वखारीचा निळा पट्टा होता. ग्रंथपालबाईंनी मला माझाच अहवाल दाखवला. त्यात वाक ५.१ लिहिला होता. सही माझ्या नावाची होती, पण माझी नव्हती. तिच्याखाली फराटा होता. मी फराटा मारत नाही. आमचे वडील मारायचे, आणि भाऊ मारतो.

मी प्रयोगशाळेतून डायलगेज आणून मधल्या तुळईखाली लावला. वेळ १०.१२. वर पुस्तकांची भरलेली कपाटे होती, माणूस कोणी नव्हते. साडेअकराला माळा वाचकांना उघडणार होता. ग्रंथपालबाई म्हणाल्या, “अहो, सगळ्यांना बोलावणी गेलीत!” मी म्हटले, “दहा मिनिटं फक्त काटा बघा.” दहा मिनिटांत काटा ०.४ पुढे गेला, साडेदहाला ०.९. कपाटांखेरीज वर कोणी नवे वजन ठेवले नव्हते. बिनवजनाचा काटा चालतो याचा अर्थ लाकूड आतून सुटत आहे. मी सर्वांना बाहेर काढले व भावाला फोन केला.

तो १०.४५ ला आला. “काय तमाशा मांडलायस, ताई? चार लोकांत माझी अब्रू घालवणार आहेस?” असे म्हणाला आणि तुळईखाली जाऊन उभा राहिला. “हा बघ, उभा आहे. पडते का बघू.” मी म्हटले, “माझ्याकडे नको, काट्याकडे बघ.” त्याने पाहिले. काटा आता डोळ्यांना फिरताना दिसत होता. तो जागचा हलला नाही. मी आत जाऊन त्याची कॉलर धरली व त्याला दारापर्यंत ओढले. १०.५२ ला तुळई मधोमध मोडली आणि दोन कपाटे खाली आली. डायलगेज चेपला. भावाला खरचटलेही नाही. हे मी दोनदा पाहून खात्री केली.

पायरीवर बसल्यावर त्याने न विचारता सांगितले की, त्याच मालातल्या आठ तुळया एका बालवाडीच्या छपराला गेल्या आहेत. पत्ताही त्यानेच दिला. बालवाडी दीडला भरते. म्हणून जबाबाआधी तिकडे शिपाई पाठवा, असा मी हट्ट धरला. १२.२५ ला कुलूप लावल्याचा फोन आला, त्यानंतर मी बोलायला सुरुवात केली.

घरातली बाब आहे, समजुतीने मिटवता का, असे मला विचारण्यात आले. नाही. खोट्या सहीबद्दल माझी तक्रार आहे. इथे तो माझ्यासोबत, स्वतःच्या पायांनी आला, हेही लिहावे.

लिहिलेले सर्व मला हवालदारांनी सावकाश वाचून दाखवले. त्यात भावाचा उल्लेख एके ठिकाणी ‘सदर इसम’ असा होता. तो खोडून ‘माझा सख्खा धाकटा भाऊ’ असे लिहून घेतले. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे, म्हणून सही करते.